मूळ शेर कोणता?

एखाद्या घरातील जुने दागिने सावकाराकडे गहाण पडावेत आणि तिसऱ्या पिढीतील मुलांनी ते त्याच्या दुकानाच्या काचेआडून कौतुकाने न्याहाळावेत, तशी काहीशी स्थिती उर्दू काव्याच्या बाबतीत आम्हां हैदराबादकर मराठी मंडळींची झाली आहे. आमच्या आधीच्या पिढीला मीर आणि गालिब तोंडपाठ होते. आमच्या नंतरच्या पिढीला ते भेटतात इंग्रजी कादंबरीच्या पानावर, दोन परिच्छेदांच्या मधोमध, तिरप्या अक्षरांत छापलेले. सावकाराची उपमा दिली म्हणून इंग्रजीच्या अभिमान्यांनी रागावू नये. दागिने वितळून जाण्यापेक्षा ते कोठेतरी जपलेले असणे केव्हाही बरे, हे आम्ही जाणतो. तरीही काचेला नाक लावून उभे राहिलेल्या माणसाच्या मनात जे कालवते, ते कालवल्यावाचून राहत नाही.

आमचे वडील उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. हे विद्यापीठ 1918 साली स्थापन झाले तेच मुळी उर्दू माध्यम घेऊन. त्याच्या आदल्याच वर्षी ‘दारुल-तर्जुमा’ म्हणून भाषांतराचे एक खाते उघडण्यात आले होते व इंग्रजी शास्त्रग्रंथ उर्दूत आणण्याचे प्रचंड काम तेथे चालत असे. जोश मलिहाबादींसारखा कवी काही वर्षे तेथे नोकरीला होता. मराठवाड्यातील एका खेड्यातून आलेला, घरी मराठी बोलणारा, संध्याकाळी रामरक्षा म्हणणारा मुलगा रसायनशास्त्र शिकला ते उर्दूत, आणि तेही इंग्रजीवरून भाषांतरित झालेल्या पुस्तकांतून. ज्या घरात आजोबांनी इंग्रजी विज्ञान उर्दूतून वाचले, त्याच घरात आज पणती उर्दू कविता इंग्रजीतून वाचते. इतका नेमका उलटा फेरा दैवाने मुद्दाम घेतला असता तरी त्याला साधला नसता.

आम्ही स्वतः या दोन टोकांच्या मध्ये सापडलो. 1948 च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि आमच्या वाट्याला शाळेत इंग्रजी, तेलुगू व हिंदी आली. उर्दू आम्हांला कानाने येते, डोळ्यांनी येत नाही. वडील दाढी करताना, हिशेब करताना, क्वचित आईची समजूत घालताना जे शेर म्हणत ते आमच्या कानांत आहेत. पण त्यांनी ज्या वहीत ते उतरवून ठेवले, ती वही आमच्या दृष्टीने मुंग्यांनी काढलेल्या रांगोळीहून अधिक काही नाही. आमच्या नातीला इंग्रजी उत्तम येते. म्हणून गेल्या काही वर्षांत आमच्या घरी एक खेळ सुरू झाला आहे. तिने इंग्रजी पुस्तकातील शेराचे भाषांतर मोठ्याने वाचावे आणि आम्ही त्यावरून मूळ शेर आठवून दाखवावा. कधी तो चटकन सापडतो. कधी दोन दिवस घालमेल होते आणि तिसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातच तो आपल्या पायांनी चालत येतो. आणि कधी कधी येतच नाही.

या खेळाची सुरुवात झाली ती अहमद अलींच्या ‘ट्वायलाइट इन डेल्ही’ या कादंबरीपासून. तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहिल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. अहमद अली दिल्लीचे, जन्म 1910 चा. 1932 साली ‘अंगारे’ नावाचा जो उर्दू कथासंग्रह निघाला आणि पुढल्याच वर्षी संयुक्त प्रांताच्या सरकारने जो जप्त केला, त्याच्या चार लेखकांपैकी ते एक. म्हणजे उर्दू गद्यात नाव झालेला, लेखणी तापलेली असा हा माणूस. त्याने दिल्लीच्या एका जुन्या मुसलमान घराण्याची कहाणी लिहावयाचे ठरविले, आणि ती लिहिली इंग्रजीत. उर्दूत लिहिले तर ही हकीकत हिंदुस्थानच्या एका कोपऱ्यात वाचली जाईल आणि तेथेच विझेल, तिचे गाऱ्हाणे जगाच्या कानी घालावयाचे तर इंग्रजीच हवी, असा काहीसा खुलासा त्यांनी पुढे केला आहे. 1940 साली लंडनच्या होगार्थ प्रेसने ती प्रसिद्ध केली. तत्पूर्वी मुद्रकांनी काही मजकूर राजद्रोही ठरवून छापण्यास कां कूं केले होते. फॉर्स्टर व व्हर्जिनिया वुल्फ यांच्यासारख्यांचा पाठिंबा मिळाला तेव्हा ती वाट मोकळी झाली.

कथेचा काळ 1911 च्या दरबाराच्या आगेमागेचा. मीर निहाल हा गृहस्थ कबुतरांचा षोकी आहे. घरात बायको, मुले, नोकरचाकर. बाहेर बब्बनजान नावाची एक गणिका. धाकटा मुलगा असगर एका मुलीच्या प्रेमात पडतो, झुरतो, लग्न करतो आणि मग तिच्याकडे पाठ फिरवितो. बब्बनजान मरते त्या रात्री मीर निहालच्या हातून कबुतरखान्याचे दार उघडे राहते आणि मांजर कबुतरांचा फडशा पाडते. शहराचा तट पाडला जातो, जुनी झाडे तोडली जातात, आणि शेवटी मीर निहाल स्वतः अर्धांगवायूने अंथरुणाला खिळतो. गोष्ट एवढीच. परंतु या गोष्टीच्या फटीफटींतून शेर झिरपत असतात. पतंग उडविणारे शेर म्हणतात, प्रेमात पडलेले पोर म्हणते, कव्वाल म्हणतात. बहादुरशहा जफरच्या गझला गात फिरतो म्हणून ज्याला लोक ‘बहादुरशहा’ या नावानेच हाक मारतात, असा एक भिकारी दारावर येऊन उभा राहतो. ज्या बादशहाला इंग्रजांनी रंगूनला नेऊन टाकले आणि 1862 साली जो तेथेच मेला, त्याच्या ओळी भिकाऱ्याच्या तोंडी, आणि त्या ओळी वाचकापुढे इंग्रजांच्या भाषेत! येथे भाषांतर ही निव्वळ सोय राहत नाही, ते कथेचाच भाग होऊन बसते. पराभूताचे गाणे जेत्याच्या भाषेत ऐकावे लागणे, हेच तर त्या कादंबरीतील दुःख आहे.

हे सारे खरे असूनही आम्हांला सांगितले पाहिजे की, कादंबरीतील गद्य जितके जिवंत वाटते तितके तिच्यातील पद्य वाटत नाही. गल्लीतील उकाडा, छपरावरची रात्र, फेरीवाल्यांच्या आरोळ्या यांचे वर्णन आले की इंग्रजी ही परकी भाषा आहे हे आपण विसरतो. शेर आला की ती परकी आहे याची आठवण होते. भाषांतर अहमद अलींनी स्वतः केलेले आहे. ते मोठे जाणकार होते आणि पुढे 1973 साली उर्दू काव्याचा एक भरभक्कम इंग्रजी संग्रहही त्यांनी सिद्ध केला. तेव्हा दोष अज्ञानाचा खचित नाही. मग तो कशाचा?

आमच्या मते पहिले कारण अगदी घरगुती आहे. उर्दूत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. गझलेची रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या अंती पुन्हा पुन्हा येणारा शब्द, तो बहुधा ‘है’, ‘नहीं’, ‘होता’, ‘गया’ असाच काहीतरी असतो. आणि तो तेथे ओढून आणावा लागत नाही, कारण वाक्याचा शेवट तेथेच होतो. तबलजीने समेवर यावे तितक्या सहजपणे भाषा रदीफेवर येते. इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या पोटात बसते. शेवटी उरते एखादे नाम किंवा शब्दयोगी शेपूट. त्यामुळे इंग्रजीत रदीफ आणावयाची तर वाक्याचे हातपाय बांधून आणावी लागते. बहुतेक भाषांतरकार ती सोडूनच देतात, आणि रदीफ गेली की गझलेतील सुटे सुटे शेर सुटेच राहतात. प्रत्येक शेर स्वतंत्र, अर्थाने एकमेकांशी न बोलणारा. त्यांना एकत्र धरून ठेवणारा दोरा तोच तोडलेला.

आगा शाहिद अली या काश्मिरी कवीला ही गोष्ट फार बोचत असे. बेगम अख्तरच्या गाण्याने वेडा झालेला हा माणूस अमेरिकेत राहून इंग्रजी कविता लिहीत होता. 1991 साली त्याने फैजच्या कवितांची भाषांतरे प्रसिद्ध केली आणि 2000 साली रदीफ-काफिये पाळून इंग्रजीत लिहिलेल्या गझलांचा एक संग्रह हट्टाने संपादित केला. पुढल्याच वर्षी तो वारला. त्याच्या हट्टाचे आम्हांला कौतुक वाटते. त्या संग्रहातील सगळ्याच गझलांचे वाटते असे मात्र म्हणवत नाही.

दुसरी अडचण शब्दांची. ‘जिगर’ म्हणजे यकृत. उर्दू कवीच्या जिगराचे तुकडे होतात, त्याचे रक्त होते, ते डोळ्यांतून वाहते. इंग्रजीत यकृत म्हटले की डॉक्टर तरी आठवतो नाही तर खाणावळ. भाषांतरकार मग निमूटपणे ‘हृदय’ लिहितो, आणि ‘दिल’ व ‘जिगर’ एकाच ओळीत आले म्हणजे त्याची तारांबळ उडते. याउलट आपल्याकडे पाहा. मराठी ‘काळीज’ हा शब्द मुळात यकृताचाच आणि वापरात हृदयाचाही. काळजाचे पाणी होते, काळजाला घरे पडतात, काळीज तुटते. आणि आमच्या कोंकणी वाचकांकडे तर हृदयाला रोजच्या बोलण्यात ‘काळीज’ हाच शब्द आहे. मीर किंवा गालिबच्या जिगराला गोव्यात जशी जागा मिळेल तशी लंडनला मिळावयाची नाही.

अर्थात मराठीत सगळे सोपे आहे असे समजण्यातही धोका आहे, कारण शेकडो शब्द आपण उर्दू-फारसीशी वाटून घेतले आणि त्यांना आपापल्या घरचे वळण लावले. ‘शिकस्त’ म्हणजे उर्दूत पराभव. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. ‘हरकत’ म्हणजे तिकडे हालचाल, इकडे आक्षेप. ‘परवाना’ दिव्यावर झेप घेणारा पतंग. आपल्याकडे तो कचेरीत शिक्का मारून मिळतो. (परवाना उर्दूतही कचेरीत मिळतो, पण तेथील कवी कचेरीत फारसे जात नसावेत.) शेर ओळखीचा वाटतो आणि नेमका तेथेच घात होतो. परक्या माणसाचा पत्ता विचारून घ्यावा लागतो; नातलगाच्या घरी आपण न विचारता शिरतो आणि चुकीचे दार उघडतो.

तरीही हे नाते आहेच, आणि ते एकतर्फी नाही. ज्या उर्दू गझलेला आपण दिल्लीची समजतो, ती दिल्लीला गेली आमच्या दख्खनमधून. वलीचा जन्म औरंगाबादचा. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याचा दिवाण दिल्लीस पोहोचला तेव्हा फारसीत लिहिणाऱ्या तेथील कवींना आपल्या बोलीतही असे लिहिता येते याचा साक्षात्कार झाला. पुढे दाग देहलवी हैदराबादेत आला, सहाव्या निजामाचा काव्यगुरू झाला आणि 1905 साली येथेच मातीआड गेला. आमच्या गल्लीतील भाजीवाला आजही दखनीत बोलताना ‘नक्को’ म्हणतो आणि वाक्यात ‘च’ पेरतो. तो ‘च’ कोणाचा हे मराठी माणसाला सांगावयास नको.

मराठीने या दारावर थाप मारली ती बडोद्यात जन्मलेल्या माधव जूलियनांच्या हाताने. फारसीचे हे प्राध्यापक. 1925 साली त्यांनी फारसी-मराठी कोश दिला, उमर खय्याम इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून थेट फारसीतून आणला आणि 1933 च्या ‘गज्जलांजलि’त गझलेची वृत्ते मराठीत वसविली. त्यांच्या गझला सगळ्याच गझला वाटतात काय, याविषयी रसिकांत मतभेद आहेत आणि ते राहोत. थेट मुळाशी जाण्याची त्यांची शिस्त मात्र वादातीत आहे. आमच्या हैदराबादेत ती शिस्त सेतुमाधवराव पगडींनी पाळली. निजामी राज्यात अधिकारपदावर असलेला हा इतिहासकार उर्दू काव्यावर मराठीत लिही तेव्हा कोणाही इंग्रजाला वाटेत थांबवून अर्थ विचारीत नसे.

आता ‘इन कस्टडी’कडे वळतो. अनिता देसाईंची ही कादंबरी 1984 ची. देवेन शर्मा हा मीरपूर नावाच्या रुक्ष गावात हिंदी शिकविणारा प्राध्यापक. प्रेम उर्दूवर, पोट हिंदीवर. दिल्लीतील एका उर्दू मासिकाचा संपादक त्याला म्हाताऱ्या नूर या थोर कवीची मुलाखत घ्यावयास पाठवितो. चांदणी चौकातील ते घर, तेथील बिर्याणी आणि दारूभोवती जमणारे टोळभैरव, कवीच्या दोन बायकांचा कलह, जुनाट ध्वनिमुद्रण यंत्र आणि ते चालविता न येणारा पोरगा. देवेनचे पैसे जातात, अब्रू पणाला लागते, आणि हाती येते ती कवितेऐवजी खोकल्याची आणि बडबडीची फीत. आम्ही ही कादंबरी वाचताना हसलो आणि मग हसणे जमेना. देवेनने उर्दू वडिलांकडून घेतलेली असते, हे वाक्य वाचून तर आम्ही पुस्तक मिटून ठेवले.

नातीने नेहमीप्रमाणे नूरच्या चार इंग्रजी ओळी वाचल्या आणि विचारले, ‘आजोबा, आता सांगा, मूळ शेर कोणता?’

आम्ही म्हणालो, ‘बाळ, मूळ शेर नाहीच.’

‘म्हणजे तुम्हांला आठवत नाही?’

‘नाही, तो कोणी लिहिलेलाच नाही.’

तिला हे पटेना. पण वस्तुस्थिती तीच आहे. नूर हा कल्पित कवी, म्हणून त्याची उर्दू कविताही कल्पित; ती फक्त इंग्रजी भाषांतरात अस्तित्वात आहे. भाषांतराला आपल्याकडे पेंढा भरलेल्या वासराची उपमा देतात. गाय त्याला चाटते आणि पान्हा सोडते. येथे तर जे वासरू कधी जन्मालाच आले नाही, त्याचे कातडे पेंढा भरून उभे केलेले! आणि तरीही पान्हा फुटतो. याला लेखिकेचे सामर्थ्य म्हणावे की उर्दूच्या दुर्दैवाची परिसीमा, यावर आमच्या घरी एक संपूर्ण रविवार वाद झाला.

गंमत अशी की या दोन्ही कादंबऱ्यांवर मागाहून मुळाचा शोध घेण्याची पाळी आलीच. अहमद अलींच्या कादंबरीचे उर्दू भाषांतर त्यांच्या पत्नी बिल्किस जहाँ यांनी केले. ‘दिल्ली की शाम’ या नावाने ते 1963 साली निघाले. तेव्हा इंग्रजीत गेलेले सारे शेर आपापल्या घरी परतले. परदेशी पाठविलेला मुलगा परत येऊन अंगणात धोतर नेसून बसावा, तसे ते दृश्य. ‘इन कस्टडी’वर इस्माइल मर्चंट यांनी 1993 साली ‘मुहाफिज’ हा उर्दू चित्रपट काढला तेव्हा मात्र पेच पडला. नूर पडद्यावर आला की त्याने काव्य तर म्हटले पाहिजे, आणि इंग्रजीत म्हणून चालणार नाही! मग नूरच्या तोंडी फैज अहमद फैजचे काव्य घालण्यात आले. शशी कपूरने तो थकलेला, सुटलेल्या अंगाचा कवी असा उभा केला की नूर खरोखरच होऊन गेला असे वाटावे. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, नोव्हेंबरात, फैज वारला होता. आपल्या ओळी एका न जन्मलेल्या कवीला दत्तक जाणार आहेत हे त्याला कोठून ठाऊक असणार!

विक्रम सेठ यांच्या ‘अ सूटेबल बॉय’ची (1993) गोष्ट निराळी. तेथे सईदाबाई गाते ते शेर खऱ्या कवींचे आणि भाषांतर यमक साधून केलेले, त्यामुळे आमचा खेळ रंगतो. पण आम्हांला त्यातील सर्वांत आवडलेला भाग गाण्याचा नाही. सईदाबाईला पत्र लिहिता यावे म्हणून मान कपूर उर्दू शिकावयास बसतो. त्याला घाई असते, आणि रशीद नावाचा शिक्षक त्याला एका अक्षराच्या वळणासाठी आणि उच्चारासाठी तासन्तास अडकवून ठेवतो. आधी अक्षर, मग प्रेम, असा त्याचा क्रम आहे. तो क्रम आम्हांला मान्य आहे.

भाषांतर करूच नये असे आमचे म्हणणे नाही. करावयाचे तर व्हिक्टर किर्नन यांनी 1971 साली फैजचे केले तसे करावे. उर्दू लिपीत मूळ, रोमन लिपीत उच्चार, शब्दशः अर्थ आणि मग पद्यमय भाषांतर, असे चारही जिन्नस त्यांनी वाचकापुढे मांडले. त्याच वर्षी अमेरिकेत एजाज अहमद यांनी गालिबच्या गझलांचा गद्य अर्थ उर्दू न जाणणाऱ्या कवींच्या हाती दिला आणि प्रत्येकाने आपापला गालिब घडविला. ते वाचावयास सुरेख आहे, पण आमच्या खेळाला निरुपयोगी. आणि इंग्रजी कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. कथेत शेर आला तर तो इंग्रजीवरून मराठीत आणू नका. एकदा उकळलेल्या चहाच्या भुकटीचा तो दुसरा चहा. एखाद्या जाणकाराचे दार ठोठवा, मूळ शेर शोधा, तो देवनागरीत छापा आणि खाली दोन ओळींत अर्थ द्या. मराठी वाचकाला निम्म्याहून अधिक शब्द समजतील. देवनागरीने उर्दू काव्यावर केलेले उपकार थोडे नाहीत. इंग्रजीच्या दारी जाण्याआधी निदान ते तरी वापरून पाहावेत.

नातीने मात्र आमच्या विनंतीची वाट पाहिलेली नाही. गेल्या पावसाळ्यापासून ती आठवड्यातून दोनदा एका निवृत्त शिक्षकांकडे उर्दू लिपी शिकावयास जाते. ते रशीदच्याच जातीचे दिसतात. दोन महिने त्यांनी तिला नुकत्यांपलीकडे जाऊ दिले नाही. दिवाळीला ती आली तेव्हा तिने वडिलांची वही मागून घेतली, खिडकीशी बसली आणि बोट ठेवून अक्षर अक्षर लावू लागली. पहिले पान तिने तासाभराने पुरे केले. त्यावर दुधाचा हिशेब होता. दुसऱ्या पानावर कोणाचा तरी शेर आहे; त्याची पहिली ओळ लागली आहे आणि दुसऱ्या ओळीतील एक शब्द अडला आहे. तो ‘जिगर’ असावा असे आमचे म्हणणे, आणि ‘मगर’ असावा असे तिचे.